अधिकारांचा तक्ता : कसा वाचावा, कसा काढावा

कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या कचेरीत गेले म्हणजे भिंतीवर काचेखाली एक तक्ता टांगलेला दिसे. वरती एक चौकट, तिच्यातून खाली उतरणाऱ्या रेषा, त्या रेषांना लटकलेल्या आणखी चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एकेक हुद्दा. कचेरीच्या भाषेत यास ‘ऑर्गनायझेशन चार्ट’ म्हणतात. आम्ही त्यास अधिकारांचा तक्ता म्हणू. आता तो बहुतेक ठिकाणी भिंतीवरून उतरून संगणकाच्या पडद्यावर गेला आहे आणि त्याची राखण मनुष्यबळ विभागाकडे आली आहे. पूर्वी याच विभागास ‘पर्सोनेल’ म्हणत. तेथील मंडळींची तक्रार आमच्या कानी नेहमी येते : तक्ता काढावयास महिना लागतो आणि काढून होतो न होतो तोच तो शिळा होतो. तक्रार खरी आहे. पण तक्ता सोपा कसा करावा याचा विचार बहुधा चौकटींचे रंग आणि रेषांची जाडी यांपाशीच थांबतो. तक्ता कोणाच्या कोणत्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी काढावयाचा, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरले की निम्म्या चौकटी आपोआप गळतात आणि ज्या मुळीच नव्हत्या अशा काही घालाव्या लागतात.

या जातीच्या तक्त्यांत जो सर्वांत जुना म्हणून प्रसिद्ध आहे, तो अमेरिकेतल्या एका रेल्वेचा. न्यूयॉर्क अँड इरी रेल्वेचा मार्ग 1851 साली हडसन नदीपासून इरी सरोवरापर्यंत पुरा झाला. लांबी चारशे मैलांहून अधिक. 1854 साली डॅनियल मॅकॅलम नावाचा गृहस्थ तिचा जनरल सुपरिंटेंडेंट झाला. हा जन्माने स्कॉटिश, सुतारकामापासून सुरुवात करून पूल बांधण्यापर्यंत पोहोचलेला. कविताही करी म्हणतात. त्याच्यापुढे कोडे असे होते की, लहान रेल्वेपेक्षा मोठ्या रेल्वेला दर मैलामागे खर्च कमी यावयास हवा, प्रत्यक्षात तो जास्त येई. त्याने कारण शोधले ते साधे होते. पन्नास मैलांच्या मार्गावरील अधिकारी प्रत्येक माणसाला नावाने ओळखतो, स्वतः जाऊन पाहतो. पाचशे मैलांच्या मार्गावर हे अशक्य. तेथे माणसाच्या नजरेचे काम पद्धतीने करावे लागते.

म्हणून 1855 साली त्याने हेनशॉ नावाच्या इंजिनिअरच्या साहाय्याने हा तक्ता काढविला. आजच्या तक्त्यांची सवय झालेल्या डोळ्यांना तो उलटा वाटेल. तो एखाद्या झाडासारखा आहे. अध्यक्ष आणि संचालक मंडळ शेंड्यावर बसलेले नसून तळाशी, मुळांच्या जागी आहेत. तेथून रेल्वेचे विभाग फांद्यांसारखे वर फुटतात आणि टोकाच्या डहाळ्यांवर स्टेशनांतली, इंजिनांवरची, रुळांवरची माणसे. कोणत्या खात्यात कोणत्या दर्जाची किती माणसे, याचे आकडेही त्यावर आहेत. मालक मुळाशी आणि मजूर पानांशी, ही कल्पना आम्हांला आवडली हे लपविण्याचे कारण नाही!

पण चित्रापेक्षा त्यामागची व्यवस्था महत्त्वाची. प्रत्येक माणसास हुकूम एकाच वरिष्ठाकडून यावा. ज्याच्यावर जबाबदारी त्याच्याकडे ती पार पाडण्याइतका अधिकार असावा. गाड्या कोठे आहेत याची खबर तारेने तासातासाला यावी. म्हणजे तक्त्यातली प्रत्येक रेषा ही हुकूम खाली जाण्याची आणि खबर परत येण्याची वाट होती.

आता या गोष्टीचा उत्तरार्ध सांगितला पाहिजे. व्यवस्थापनाची पुस्तके तो घाईने उरकतात. मॅकॅलमच्या नियमांत एक नियम असा होता की, गाडी थांबते त्या स्टेशनात इंजिन सांध्यावरून घसरले तर दोष इंजिन-ड्रायव्हरचा, मग सांधेवाल्याने त्याला पुढे येण्याची खूण केलेली का असेना! ड्रायव्हरचा सांधेवाल्यावर हुकूम चालत नव्हता. जबाबदारी मात्र त्याच्या गळ्यात. स्वतःचेच तत्त्व येथे मॅकॅलमने मोडले होते. या नियमांवरून 1854 साली ड्रायव्हरांनी संप केला, 1856 साली पुन्हा झगडा झाला आणि 1857 साली मॅकॅलमने ती जागा सोडली. तक्ता कितीही सुबक असो, रेषेच्या एका टोकाला जबाबदारी आणि दुसऱ्या टोकाला अधिकार असे झाले की त्या रेषेवर संप उभा राहतो.

आपल्या मुंबईच्या गिरण्यांत याहून निराळा प्रकार होता. कागदावर मॅनेजर, मग खात्याचा मास्तर, मग जॉबर अशी उतरंड. कागदावरचा जॉबर म्हणजे यंत्रांवर देखरेख करणारा मुकादम. पण साळखात्यातल्या कामगाराला विचारले असते तर त्याने सांगितले असते की कामावर घेतो जॉबर, रजा देतो जॉबर, बदलीवाल्याला उभे करतो जॉबर आणि या सर्वांसाठी दस्तुरी घेतो तोही जॉबरच. बायकांच्या खात्यांत नायकिणीची सत्ता तशीच. 1931 साली कामगारविषयक रॉयल कमिशनने जॉबरची ही सत्ता काढून घ्यावी आणि भरतीसाठी लेबर ऑफिसर नेमावेत अशी शिफारस केली. आजच्या मनुष्यबळ विभागाचे एक मूळ येथे आहे. तक्त्यात न दिसणारी सत्ता तक्त्यात आणावी, म्हणून तो जन्मला.

मग तक्ता सोपा कसा करावा? आमच्या अनुभवाने पहिली गोष्ट ही की, चित्र काढूच नये. आधी नोंदवही करावी. तिच्यात चार रकाने पुरेत : पदाचा क्रमांक, पदाचे नाव, वरच्या पदाचा क्रमांक आणि सध्या त्या पदावर असलेली व्यक्ती. क्रमांक पदाला द्यावयाचा, माणसाला नव्हे. माणूस निवृत्त होतो, बदलून जातो, खुर्ची राहते. अशी वही केली की माणूस बदलल्यावर एकच रकाना बदलावा लागतो आणि चित्र संगणक स्वतः काढतो. रिकामी खुर्ची रिकामी दिसते, आणि तोवर सही कोणाची, हा प्रश्न लगेच उभा राहतो. तपासणीही सोपी : सर्वांत वरचे पद सोडून प्रत्येकाला एक वरिष्ठ असलाच पाहिजे, तो क्रमांक वहीत सापडला पाहिजे आणि वर वर जाताना आपण पुन्हा स्वतःपाशी येता कामा नये. हसू नका, दोन अधिकारी कागदोपत्री एकमेकांचे वरिष्ठ असलेले आम्ही पाहिले आहेत.

दुसरे, सगळा कारखाना एका कागदावर कोंबू नये. एका पानावर तीन पायऱ्या, पुढचे पुढच्या पानावर. एखाद्यास दोन वरिष्ठ असतील तर दुसरी रेषा तुटक काढतात. पण तुटक रेषेवर ती कशापुरती हे लिहिले नाही तर तिचा उपयोग फक्त हात झटकण्यापुरता होतो. पगाराचे आकडे तक्त्यावर नकोत. तारीख मात्र हवीच.

तिसरी गोष्ट कंत्राटी कामगारांची. आमच्या युनियनकडे आलेले एक प्रकरण सांगतो. कारखान्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. रात्रपाळीत एका कंत्राटी मजुराचा हात पट्ट्यात सापडला आणि तीन बोटे गेली. त्याला त्या यंत्रावर कोणी उभे केले, या प्रश्नावर कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणाला, फोरमनने. फोरमन म्हणाला, तो माझा माणूसच नव्हे. कचेरीतला तक्ता मागविला, तर त्यात शेकडो कंत्राटी माणसांना एकही चौकट नव्हती. 1923 च्या भरपाई कायद्याप्रमाणे मुख्य मालकाची जबाबदारी कंत्राटदाराआड लपत नव्हती, म्हणून पैसे अखेर मिळाले. पण हुकूम कोणाचा हे ठरविण्यात दीड वर्ष गेले, आणि त्या काळात त्याच्या बायकोने दोन घरची धुणीभांडी धरली. म्हणून आमचा आग्रह असा की, पगार कोणीही देवो, जो ज्याच्या हुकुमाने यंत्रावर उभा राहतो त्याची रेषा त्याच्याकडे गेली पाहिजे. कंत्राटदाराकडे जाणारी रेषा हवी तर निराळ्या रंगाने काढावी.

आणि तक्त्याशेजारी एक लहानसा कागद असावा : रजा कोण मंजूर करतो, ओव्हरटाइमचा हुकूम कोण देतो, कारणे दाखवा नोटिशीवर सही कोणाची, ती चुकीची वाटल्यास दाद कोणाकडे. वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती कायद्याने लागते; तिची चौकट आम्हांला फार थोड्या तक्त्यांत आढळली आहे. तो कागद मराठीत आणि हिंदीत छापून टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी, पाळी सुटताना वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत लावावा.