तार जळत नाही, कापूस जळतो

१ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकदाच वापरून फेकून द्यायच्या व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, विक्री बंद झाली. बंदी घालायची तर आधी ‘पुन्हा वापरता येणारं’ कशाला म्हणायचं ते ठरवायला हवं. सरकारने तीन अटी घातल्या: बॅटरी चार्ज करता यावी, द्रव पुन्हा भरता यावा आणि आत कॉइल असेल तर ती बदलता यावी. बोटभर तारेची गुंडाळी अशी थेट कायद्यात जाऊन बसली.

आपल्याकडे हा प्रश्न उद्भवत नाही. २०१९च्या कायद्यानुसार भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळंच गुन्हा आहे. विक्रीसारख्या गुन्ह्याला पहिल्याच खेपेला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा हा लेख वाचून कुणी खरेदीला निघू नये. पण लेस्टर-मँचेस्टरला शिकायला गेलेल्या मुलाच्या टेबलावर ही वस्तू दिसली म्हणून धास्तावलेल्या आईबापांना, आणि ज्यांना कुठल्याही यंत्राचं झाकण उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही अशांना, त्या कॉइलची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

खरं तर ती आपल्या जुन्या ओळखीची आहे. वसतिगृहात राहिलेल्यांना मातीच्या चकतीत स्प्रिंग बसवलेली शेगडी आठवेल. स्प्रिंग तुटली की तुटकी टोकं ओढून एकमेकांत पिळायची, की पुन्हा चहा सुरू. आणि दर दुरुस्तीनंतर शेगडी आधीपेक्षा लाल व्हायची. तार आखूड झाली, रोध कमी झाला, प्रवाह वाढला. व्हेपच्या दुकानात ‘किती ओहमची कॉइल देऊ?’ असं विचारतात, तेव्हा प्रश्न नेमका हाच असतो.

फरक आकड्यांचा. आपली हजार वॉटची शेगडी २३० व्होल्टवर चालते आणि तिचा रोध साधारण ५३ ओहम असतो. व्हेपच्या लिथियम सेलकडे सरासरी ३.७ व्होल्टच असतात. एवढ्याशा दाबावर तार तापवायची तर रोध अगदी कमी हवा. १.२ ओहमच्या कॉइलमधून सुमारे ३ अँपिअर जातात आणि ११ वॉट मिळतात. सिगारेटसारखा आधी तोंडात झुरका घेणाऱ्यांना एवढं पुरतं. ०.२ ओहमची कॉइल मात्र १८ अँपिअरच्या पुढे ओढते, जवळजवळ ७० वॉट. घरातल्या गीझरच्या जाड प्लगची मर्यादा १६ अँपिअर असते हे लक्षात घ्या, आणि ही वस्तू खिशात असते हेही. बऱ्याच यंत्रांत आता व्होल्टेज सांभाळणारी चिप असते. म्हणूनच कॉइलच्या अंगावर ओहमच्या जोडीला वॉटची कमाल-किमान मर्यादा छापलेली असते. ती पाळली तर निवडीचा अर्धा प्रश्न सुटतो.

आता जरा आडवळण. ई-सिगारेटचा जनक म्हणून चीनच्या होन लिक या औषधतज्ज्ञाचं नाव घेतलं जातं. २००३ साली त्यांनी पहिलं यंत्र बनवलं, पण त्यात तापती तार मुख्य नव्हतीच. द्रवाचे थेंब फोडायला त्यांनी श्राव्यातीत कंपनं वापरली होती. त्यांच्या कितीतरी आधी, १९६५ साली, अमेरिकेतल्या हर्बर्ट गिल्बर्टना धूरविरहित सिगारेटचं पेटंट मिळालं होतं. या दोघांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. माझ्या मते मान अल्बर्ट मार्श यांचा आहे आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही.

मार्श यांच्या आधी विजेवर तापणारी तार ही रडकथाच होती. लोखंडाची तार लाल झाली की हवेतल्या ऑक्सिजनने खाऊन टाकली जायची. प्लॅटिनम टिकायचं, पण परवडायचं कुणाला? मार्श शिकागोत विल्यम हॉस्किन्स यांच्याबरोबर काम करत. (हे हॉस्किन्स म्हणजे बिलियर्ड्सच्या काठीला लावायचा खडू १८९७ साली तयार करणाऱ्या दोघांपैकी एक. पदार्थांची जाण असली की माणूस कुठेही हात घालतो.) मार्शनी निकेलमध्ये साधारण पाचवा हिस्सा क्रोमियम मिसळलं आणि १९०६ साली पेटंट मिळवलं. तेच नायक्रोम. तार पहिल्यांदा तापते तेव्हा क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर तिच्यावर चढतो आणि आतल्या धातूपर्यंत ऑक्सिजन पोचू देत नाही. टोस्टर, इस्त्री, हेअर ड्रायर ही सगळी या थराची कृपा. जनरल इलेक्ट्रिकशी खटला झाला, तेव्हा न्यायालयाने मार्श यांचंच पेटंट वैध ठरवलं. पुढे स्वीडनच्या हान्स फॉन कान्टझो यांनी निकेल वगळून लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची कँथल ही तार आणली. तिच्यावर ॲल्युमिनाचा थर चढतो. व्हेपच्या कॉइलमध्ये प्रामुख्याने या दोन तारा, किंवा स्टेनलेस स्टील. हल्ली तारेऐवजी भोकं पाडलेली पातळ जाळीही असते. ती जास्त पृष्ठभागावर सारखी तापते.

म्हणजे तार हजार अंशांनाही दाद देत नाही. मग कॉइल आठवड्या-दोन आठवड्यांत ‘जळते’ म्हणतात ती कशी?

जळतो तो कापूस. तारेभोवती कापसाची वात असते आणि ती टाकीतला द्रव शोषून तारेपर्यंत आणते. द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण. पहिलं १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, दुसरं २९०ला. वात ओली आहे तोवर तारेची उष्णता वाफ करण्यातच खर्च होते आणि तापमान या दोन आकड्यांच्या आसपास अडकून राहतं. वात कोरडी पडली की उष्णतेला जायला वाटच उरत नाही. तापमान उसळतं, कापूस करपतो, उरलंसुरलं ग्लिसरीन मोडून ॲक्रोलिन तयार होतं. कढईत विसरलेल्या तेलाचा घशाला झोंबणारा वास येतो ना, त्यातलंच हे ॲक्रोलिन.

म्हणून नवी कॉइल बसवताना तिच्या भोकांतून दिसणाऱ्या कापसावर द्रवाचे काही थेंब टाकायचे, टाकी भरून पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि सुरुवात कमीत कमी वॉटवर करायची. ग्लिसरीन हे ग्लायकॉलपेक्षा वीस-पंचवीस पट दाट असतं. त्यामुळे ग्लिसरीन जास्त असलेला द्रव बारीक भोकांच्या, जास्त ओहमच्या कॉइलमध्ये घातला की वात उपाशी राहते. अशा कॉइलला निम्मा-निम्मा पातळ द्रव बरा. दाट द्रव मोठ्या भोकांच्या कॉइलसाठी.

दुसरा शत्रू गोडवा. आंबा, स्ट्रॉबेरी, बबलगम अशा स्वादांच्या अनेक द्रवांत सुक्रालोज असतं. त्याची वाफ होत नाही. ग्लिसरीन उकळण्याच्या कितीतरी आधीच ते मोडतं आणि तारेवर काळं, चिकट किटण बसतं. कॉइल उघडून पाहिली तर कापूस तपकिरी आणि तार दिसेनाशी. गरम पाण्यात बुडवून, वाळवून ती एखाद-दोन दिवस ओढता येते, त्यापुढे नाही. ‘दीर्घायुषी कॉइल’ म्हणून चार पैसे जास्त घेणाऱ्या जाहिरातींवर माझा म्हणूनच विश्वास नाही: द्रव तोच गोडमिट्ट असेल तर कॉइल तरी काय करणार? कापूस काढून नुसती तार लाल करून किटण जाळायची युक्ती हाताने कॉइल वळणारे लोक करतात. कँथलला ती चालते. निकेल किंवा टायटॅनियमच्या तारेवर ती कदापि करू नये.

निकेलची तार मुळात आलीच कशासाठी? शुद्ध निकेलचा रोध दर अंशामागे हजारी सहाने वाढतो, म्हणजे दोनशे अंश चढले की दुपटीच्या पुढे. कँथलचा जवळपास हलतही नाही. २०१४च्या सुमारास आलेल्या चिपनी हा गुण हेरला: तार तापवता तापवता तिचा रोध मोजायचा, त्यावरून तापमान काढायचं आणि वात कोरडी पडली की वीज तोडायची. ह्यू कॅलेंडर यांनी १८८७ साली प्लॅटिनमच्या तारेचा तापमापक याच तत्त्वावर मांडला होता. तेव्हा तो प्रयोगशाळेचं वैभव होता, आता खिशात आलाय.

कोरड्या वातीने एक वैज्ञानिक भांडणही लावलं. जानेवारी २०१५ मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हेपमधल्या फॉर्माल्डिहाइड या विषारी रसायनाबद्दल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पत्र लिहिलं आणि जगभर मथळे झळकले. पत्रातच म्हटलं होतं की ३.३ व्होल्टवर ते सापडलं नाही, ५ व्होल्टवर सापडलं. ग्रीसचे कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांनी दाखवून दिलं की एवढ्या व्होल्टेजला अशा कॉइलची वात कोरडी पडते आणि झुरका इतका कडवट लागतो की माणूस तो घेतच नाही. मथळे मात्र कुणी मागे घेतले नाहीत.

याचा अर्थ उरलेली वाफ निर्मळ, असा नव्हे. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१८ साली ५६ जणांची स्वतःची यंत्रं तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू नगण्य होते. तोच द्रव कॉइलच्या संपर्कात आल्यावर क्रोमियम, निकेल, शिसं वाढलं. वारंवार कॉइल बदलणाऱ्यांच्या वाफेत धातूंचं प्रमाण जास्त असल्याचंही दिसलं. जुनी कॉइल करपट, नवी धातू सोडणारी. देखभाल कितीही नीट केली तरी या कात्रीतून सुटका नाही.

ब्रिटनमध्ये वापरलेल्या कॉइल दुकानदाराने परत घेणं आता बंधनकारक आहे. पण आत कॉइल आणि द्रव असलेलं आयतं भरलेलं पॉड सुटं विकत मिळत असेल, तर ते यंत्र तिथल्या नियमांत ‘पुन्हा वापरता येणारं’ धरलं जातं. दोन मिलिलिटर द्रव संपला की प्लास्टिक, कापूस आणि मार्श यांची तार एकत्रच बाहेर जाते, तार अजून कितीतरी वर्षं तापायला तयार असताना.