मध्यरात्री कधीच न दिसणारे लघुग्रह

उन्हाळ्यात सोलापुरात माळवदावर किंवा गच्चीवर अंथरूण टाकून झोपण्याची मौज तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल. मध्यरात्री जाग आली, की डोक्यावर ताऱ्यांनी भरलेले आकाश दिसते. या आकाशासंबंधी एक कोडे घालतो. सूर्यमालेत काही लघुग्रह असे आहेत, की या मध्यरात्रीच्या आकाशात कितीही मोठी दुर्बीण रोखली तरी ते दिसणार नाहीत. आज नाही, उद्या नाही, वर्षातल्या कोणत्याच रात्री नाही. असे का बरे होत असावे?

याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातच सापडते. आषाढी वारीत पालख्या पंढरपूरच्या वाटेवर असताना गोल रिंगण होते. मधोमध पालखी, तिच्याभोवती धावणारा अश्व आणि कडेने उभे असलेले वारकरी. समजा, तुम्हीही कडेला उभे आहात. पालखीकडे तोंड केलेत, तर अश्व दिसेल. पण पाठ फिरवून शिवाराकडे पाहत राहिलात, तर अश्वाने कितीही फेऱ्या मारल्या तरी तो दिसायचा नाही. आता पालखीच्या जागी सूर्य, अश्वाच्या जागी लघुग्रह आणि तुमच्या जागी पृथ्वी आहे, अशी कल्पना करा. मध्यरात्री आपली पाठ सूर्याकडे असते. म्हणून पृथ्वीच्या कक्षेच्या आत फिरणारी वस्तू त्या वेळी दिसत नाही.

बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान असतात. काही मात्र गुरूच्या व इतर ग्रहांच्या ओढीमुळे मार्ग बदलून आत येतात. ज्यांची सबंध कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या आत असते, त्यांना 'अतिरा' गटाचे लघुग्रह म्हणतात. अतिरा हा लघुग्रह ११ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातून सापडला. त्याच्यावरून गटाला नाव पडले. पृथ्वीजवळ येणारे सुमारे ४०,००० लघुग्रह आज ठाऊक आहेत; पण त्यांत अतिरा गटाचे पन्नासही नाहीत!

ते सापडणे इतके कठीण का, हे थोडे गणित करून पाहू या. ४ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या ४८ इंची दुर्बिणीतून एक लघुग्रह दिसला. शुक्राच्याही कक्षेच्या आत राहणारा हा पहिलाच ज्ञात लघुग्रह. पालोमार पर्वताच्या परिसरातील मूळ रहिवाशांच्या भाषेतून त्याला 'आयलोचाखनिम' म्हणजे 'शुक्रकन्या' असे नाव दिले गेले. तो १५१ दिवसांत सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करतो. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर, तर हा जास्तीत जास्त ९.८ कोटी किलोमीटर. त्यामुळे आपल्या आकाशात तो सूर्यापासून साधारण ४१ अंशांपलीकडे जाऊच शकत नाही.

आकाश ताशी १५ अंश फिरते. म्हणजे सूर्य मावळल्यावर पावणेतीन तासांच्या आत तोही मावळणार. त्यातच सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जाईपर्यंत पुरता अंधार होत नाही. ४१ मधून १८ वजा केले, तर उरतात २३. पुरता अंधार होतो तेव्हा लघुग्रह फार तर २३ अंश उंचीवर असणार. इतक्या खालून येणाऱ्या प्रकाशाला डोक्यावरून येणाऱ्या प्रकाशाच्या अडीचपट हवा ओलांडावी लागते. शिवाय चंद्रकोरीप्रमाणे त्याचा उजळलेला भाग आपल्याला पुरता दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ संधिप्रकाशातच घाई करतात. पहाटे किंवा सायंकाळी क्षितिजालगतच्या आकाशाची काही मिनिटांच्या अंतराने छायाचित्रे घेतात. तारे जागच्या जागी राहतात. जो ठिपका सरकतो तो लघुग्रह. ऑगस्ट २०२१ मध्ये चिलीतील ४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने याच रीतीने '२०२१ पीएच २७' हा लघुग्रह सापडला. तो ११३ दिवसांत फेरी मारतो आणि सूर्याच्या सुमारे २ कोटी किलोमीटर इतका जवळ जातो. बुधसुद्धा इतका जवळ जात नाही!

तुम्ही विचाराल, हा खटाटोप कशासाठी? अतिरा गटाचे लघुग्रह पृथ्वीची कक्षा ओलांडत नाहीत, मग भीती कसली? आज भीती नाही हे खरे. पण ग्रहांच्या ओढीने कक्षा हळूहळू बदलत जातात. आणि ज्यांची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला छेदते, असे लघुग्रहही सूर्याच्या बाजूने येऊ शकतात. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटरचा एक अशनी हवेत फुटला. त्याच्या धक्क्याने घरांच्या काचा फुटून सुमारे १,५०० माणसे जखमी झाली. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे कोणालाच आधी दिसला नव्हता.

असाच आणखी एक पाहुणा मराठी मुलखातील विद्यार्थ्यांच्या नजरेने टिपला. १६ ऑगस्ट २०२० रोजी मोटारीएवढा '२०२० क्यूजी' हा लघुग्रह हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीने निघून गेला. न आदळता इतक्या जवळून गेलेल्या लघुग्रहाची तोवर नोंद नव्हती. तोही सूर्याच्या दिशेने आला होता. तो दूर जात असताना, सहा तासांनी, पालोमारच्या त्याच दुर्बिणीच्या छायाचित्रात एक बारीक रेघ उमटली. ती पवईच्या आयआयटी मुंबईतील कुणाल देशमुख या विद्यार्थ्याने हेरली. त्याची सहकारी कृती शर्मा हीही या शोधकार्यात होती. दुर्बीण अमेरिकेत, पण रेघ ओळखणारे डोळे पवईत! हा लघुग्रह फारसे नुकसान करण्याइतका मोठा नव्हता. मोठा आला तर काय होते, ते बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर आपल्याला सांगते.

हवेचा आणि संधिप्रकाशाचा अडथळा टाळायचा, तर दुर्बीण अवकाशातच न्यायला हवी. 'निओ सर्व्हेयर' नावाची अशी दुर्बीण २०२७ मध्ये सोडण्याचे अमेरिकेचे नियोजन आहे. ती लघुग्रहांची उष्णता टिपेल आणि सूर्यापासून ४५ अंशांपर्यंतचे आकाश न्याहाळू शकेल.

आता हे करून पाहा. कागदावर सूर्यासाठी एक बिंदू काढा. त्यापासून १० सेंटिमीटरवर पृथ्वीचा बिंदू घ्या. सूर्याभोवती ६.५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. ही झाली आयलोचाखनिमची सीमा. पृथ्वीपासून या वर्तुळाला स्पर्शिका काढा आणि पृथ्वीपाशी झालेला कोन कोनमापकाने मोजा. साधारण ४१ अंश येतो की नाही? शुक्रासाठी ७.२ सेंटिमीटर त्रिज्या घ्या आणि पुन्हा मोजा. मग सायंकाळी शुक्र पश्चिमेला असेल, तेव्हा सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून त्याच्याकडे पाहा. तो डोक्यावर मध्यरात्री कधीच का येत नाही, हे आता तुम्हीच धाकट्या भावंडांना समजावून सांगू शकाल.