लोणारला जाताय? आधी चढाचा विचार करा

लोणारला सहकुटुंब जायचं ठरलं, की तळ्याला पूर्ण फेरी मारायचा बेत हमखास निघतो. सोबत पाच-सहा वर्षांची मुलं आणि गुडघे धरून चालणारी आजी असेल, तर तो बेत सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. म्हणजे पाण्याकाठची फेरी चारेक किलोमीटरची आणि कडेवरची सहाच्या आसपास. ऐकायला हे फार नाही. पण पाऊस बरा झाला की पाणी वर येतं, काठची पायवाट बुडते, आणि मग चिखल नि वेड्या बाभळीचे काटे यांतून वाट काढावी लागते. शिवाय इथे सगळं उलटं आहे. डोंगरावर आधी दम लागतो आणि परतीचा उतार सोपा जातो. लोणारला आधी मजेत उतरायचं आणि दमल्यावर सव्वाशे-दीडशे मीटर चढून यायचं.

म्हणून घराचे दोन गट करावेत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले, आणि सुरुवात सकाळी उजाडताच करावी. आजी-आजोबांनी कडेवरच्या सपाट टप्प्यावर फिरावं, तळं खरं तर तिथूनच पूर्ण दिसतं. बाकीच्यांनी धारेजवळून खाली उतरावं. धार म्हणजे गोमुखातून बारमाही वाहणारा गोड्या पाण्याचा झरा. उतरताना झाडीत मोर आणि वानरं दिसतात. हे अभयारण्य आहे, त्यामुळे आवाज कमी आणि खाऊ पिशवीतच.

गोड पाण्याचे झरे ज्या तळ्यात उतरतात ते खारं कसं, हा प्रश्न मुलं विचारतातच. नाही विचारला तर आपण विचारावा. लाव्हाच्या काळ्या खडकावर उल्का आदळून हा खड्डा झाला. तो केव्हा झाला यावर एकमत नाही: जुना अंदाज सुमारे 50 हजार वर्षांचा, नंतरच्या मोजणीत साडेपाच लाखांहून अधिक वर्षं निघाली. या खड्ड्यात पाणी येतं, पण बाहेर वाहून जायला वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. पूर्वी लोक हे क्षार गोळा करत. साबण आणि काच करायच्या इथल्या सामग्रीचा उल्लेख ‘आईन-ए-अकबरी’त आहे. जून 2020 मध्ये पाणी आटून खारेपणा वाढला, तेव्हा मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तळं चक्क गुलाबी झालं होतं.

मुलांसाठी घरून हळदीचा कागद न्यावा. चमचाभर हळद पाण्यात कालवून जाड कागदाला फासायची, वाळवून पट्ट्या कापायच्या. एका पट्टीवर धारेचं पाणी, दुसरीवर तळ्याचं. तळ्याचं पाणी साबणासारखं अल्कधर्मी असल्याने पट्टी विटकरी होते. पाणी वाढून क्षार पातळ झाले असतील तर रंगही फिका चढतो. दोन पट्ट्या शेजारी धरून पाहताना मुलं जे शिकतात, ते माहितीफलक वाचून कळत नाही.

ऊन चढायच्या आत वर यावं. जेवणानंतर गावातलं दैत्यसूदन मंदिर सगळ्यांनी मिळून पाहावं. तिथे फार चालावं लागत नाही आणि भिंतींवरची शिल्पं निवांत बघता येतात. जालन्याहून येत असाल तर सिंदखेडराजाला, जिजाऊंच्या जन्मस्थानी, जाता-येता जरूर थांबा.

एक कळकळीची विनंती. या विवरात पडलेलं काहीही आपोआप बाहेर जात नाही. जेवढ्या बाटल्या आणि पुड्या खाली न्याल, तेवढ्या मोजून वर आणा, आणि हे काम मुलांवर सोपवा.