शिसं मोजतात तरी कसं?

मंडळी, आपल्या इंटरनॅशनल सिटीत क्लस्टर कुठलाही असो, स्वयंपाकघराच्या कपाटात मॅगीचं एखादं पाकीट सापडतंच. २०१५ साली भारतात याच मॅगीच्या नमुन्यात शिसं जास्त निघाल्याची बातमी आली. तिथली मर्यादा होती २.५ पीपीएम, म्हणजे हजार किलोत अडीच ग्रॅम. कोलकात्याच्या प्रयोगशाळेचा आकडा होता १७.२! शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक, त्यामुळे आईबापांची झोप उडणारच. जूनमध्ये देशभर बंदी आली.

पण इतकं थोडं शिसं मोजतात कसं? आम्ही पडलो संगणकवाले, तरी तत्त्व समजायला सोपं आहे.

नमुना आधी नायट्रिक ॲसिडमध्ये तापवून विरघळवतात. हे द्रावण ज्योतीत किंवा ग्रॅफाइटच्या तापलेल्या नळीत गेलं की धातूचे अणू सुटे होतात. प्रत्येक धातूचे अणू आपल्या ठरावीक लहरींचाच प्रकाश शोषतात. म्हणून शिसं शोधायला शिशाचाच दिवा लावायचा आणि पलीकडे प्रकाश किती कमी पोचला ते बघायचं. शिसं जास्त, तर प्रकाश कमी! ऑस्ट्रेलियाच्या ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये ही 'ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन' पद्धत मांडली.

मात्र प्रकाश कमी झाला म्हणजे नक्की किती शिसं, हे यंत्राला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी प्रमाण माहीत असलेली द्रावणं मोजून आलेख काढतात. नमुना न घालता नुसतं ॲसिडही मोजतात, कारण भांड्यातून किंवा धुळीतून आलेलं शिसंसुद्धा आकड्यात मिसळतं. आमच्या भाषेत, इनपुट चुकला की आउटपुट चुकलाच!

म्हणूनच प्रयोगशाळा कोणती, याला महत्त्व. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडायची संधी मिळाली नव्हती आणि चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नव्हत्या, ही त्यातली मुख्य कारणं. मग मोहाली, हैदराबाद आणि जयपूर इथे फेरतपासणी झाली, तेव्हा शिसं मर्यादेच्या आत निघालं.

तेव्हा हळद असो, खेळणी असोत की नळाचं पाणी, उद्या असा आकडा मोबाईलवर आला तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. तीन प्रश्न विचारा: नमुना कुठला? मोजला कोणी? मर्यादा किती? मुलांच्या पोटात काय जातं याचा प्रश्न आहे, एवढी चौकशी करायलाच हवी!