पाषाणाची माती

एखादी गोष्ट अगदी ठाम आहे असे सांगायचे असले की आपण तिला ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणतो. हा काळा दगड स्वतः मात्र तितकासा ठाम नाही. माळावर विहीर खणणाऱ्या कोणाही गड्याला विचारा. वर हात-दोन हात माती, तिच्याखाली मुरूम, मग पहारीला थोडीबहुत दाद देणारा कच्चा खडक आणि शेवटी सुरुंगाशिवाय न हलणारा पाषाण, असा क्रम तो सांगेल. हे चार निरनिराळे पदार्थ नव्हेत. एकाच दगडाच्या या चार अवस्था. या क्रियेला शास्त्रात विदारण म्हणतात.

ती घडते कशी? वर्गात हा प्रश्न टाकला की निम्मी मुले म्हणतात, “दिवसा तापून नि रात्री निवून दगड फुटतो, सर.” जुन्या पुस्तकांतही असेच असे. डेव्हिड ग्रिग्ज या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३६ साली ग्रॅनाइटचा एक गुळगुळीत तुकडा ८९,४०० वेळा तापवला आणि निववला. रोज एकदा या हिशेबाने २४४ वर्षे झाली म्हणाना! दगड जसाच्या तसा. पुढे निववताना त्याने पाण्याचा फवारा वापरला, तेव्हा मात्र दहा दिवसांतच दगडाची झिलई गेली आणि तडे दिसू लागले. छोट्या तुकड्यावरचा प्रयोग म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. उन्हाने मोठे खडक तडकतात हेही पुढे दिसून आले आहे. पण मुख्य कारागीर पाणी, यात शंका नको.

आपल्या सह्याद्रीचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. निवताना तो आकसला नि त्याला उभ्याआडव्या भेगा पडल्या. पावसाचे पाणी हवेतला, आणि त्याहून अधिक मातीतला, कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन किंचित आम्ल होते व या भेगांतून उतरते. दगडातल्या फेल्डस्पार खनिजाची त्यामुळे चिकणमाती होते, लोहाला गंज चढतो. मुरमाचा तांबूस-पिवळा रंग तो हाच. आता गंमत पाहा. चौकोनी ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच अंगाने चालून येते, कडेवर दोन अंगांनी, कोपऱ्यावर तीन. म्हणून कोपरे आधी जातात आणि ठोकळ्याचा गोळा होतो. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे गाडी थांबवून बघा: कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले आणि आत टणक गोटा. आमच्या सहलीत मुले ते पापुद्रे नखाने सोलतात.

दगड तोच, पण पाऊस निराळा म्हणून मातीही निराळी. घाटाखाली कोकणात धो धो पावसाने चुना, सिलिका सारे धुऊन नेले; मागे राहिले लोह आणि ॲल्युमिनियम. तोच जांभा. देशावर पाऊस बेताचा, म्हणून चुना मातीतच राहिला. काळ्या रानात नांगराला चुनखडीचे खडे लागतात ते त्यामुळे.

मात्र घाटमाथ्याच्या उतारावर, जिथे पाऊस भरपूर आणि चढ उभा, तिथे हीच क्रिया जिवावर बेतते. मुरमाचा जाड थर खालच्या घट्ट पाषाणावर नुसता टेकून असतो. सतत पावसाने तो भिजून जड होतो, आत साचलेल्या पाण्याने त्याची पकड ढिली पडते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव अशाच घसरलेल्या डोंगराखाली गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. कड्यावरून दगड कोसळला असता तर निदान आवाजाची तरी सूचना मिळते, असे आपल्याला वाटते. इथे भिजलेला उतारच चिखल होऊन आला.

तेव्हा डोंगरउतारावर घर असेल तर पावसाळ्यात वरच्या अंगाला चक्कर मारीत जावे. जमिनीला नवी चीर पडली आहे काय, सरळ वाढलेली झाडे किंवा खांब कलले आहेत काय, झऱ्याचे नितळ पाणी एकाएकी गढूळ झाले आहे काय, हे पाहावे. यांतले काही दिसले आणि पाऊस थांबत नसला, तर सामानसुमान आवरीत न बसता माणसे आणि गुरे आधी बाजूच्या पक्क्या जागी न्यावीत.