खिशातलं यंत्र, भाग ६ : जागा ओळखून गप्प बसणारा फोन

फोनला आपला ठावठिकाणा कसा कळतो, ते मागच्या भागात पाहिलं. त्याच माहितीवरून फोन आपोआप सायलेंट करता येतो का, ते आज पाहू.

गरज जुनीच आहे. २०१९ मध्ये ‘अश्रूंची झाली फुले’च्या प्रयोगात वाजणाऱ्या मोबाइलना वैतागून सुबोध भावे यांनी नाटकात काम न करण्याची भाषा केली. पाठोपाठ नाट्यगृहांत जॅमर बसवण्याची मागणी झाली. पण केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जॅमर लावता येत नाही आणि तो डॉक्टरचाही फोन बंद पाडतो. त्यापेक्षा ज्याच्या त्याच्या फोनने जागा ओळखून गप्प बसावं, हे बरं.

सोय आहेच. सॅमसंगच्या ‘मोड्स अँड रूटीन्स’मध्ये, पिक्सेलच्या ‘रूल्स’मध्ये आणि आयफोनच्या ‘फोकस’मध्ये नकाशावर जागा निवडायची. फोन तिच्याभोवती एक अदृश्य वर्तुळ आखतो, त्याला जिओफेन्स म्हणतात. आत गेलात की आवाज बंद, बाहेर पडलात की सुरू. त्यासाठी अँड्रॉइडवर लोकेशनची परवानगी ‘नेहमी’साठी द्यावी लागते.

मेख आहे ती वर्तुळाच्या आकारात. बॅटरी वाचावी म्हणून फोन सतत जीपीएस चालवत नाही. आसपासचे वायफाय आणि टॉवर यांवरून अंदाज बांधतो. वायफाय दाट असेल तर चूक २० ते ५० मीटरची. वायफाय नसेल तिथे ती काहीशे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत जाते. म्हणून वर्तुळाची त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवा, असं गूगल अँड्रॉइड अ‍ॅप बनवणाऱ्यांना सांगतं. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत ३०० मीटर! बीड जिल्ह्यातल्या वडवणीसारख्या तालुक्याच्या गावात मंदिराभोवती एवढं वर्तुळ आखलं, तर शेजारचं किराणा दुकान, चहाचं हॉटेल आणि कदाचित तुमचं घरही त्यात येईल. कीर्तन संपवून घरी आलात तरी फोन मुकाच. शिवाय आत शिरल्याचं कळायला फोनला दोन-तीन मिनिटं सहज लागतात. तेवढ्यात अभंगाच्या मध्येच रिंगटोन वाजायची ती वाजतेच.

तेव्हा गावात जागेपेक्षा वेळेवर भिस्त ठेवा. सप्ताहातल्या कीर्तनाची वेळ ठरलेली असते. त्या दोन तासांचं वेळापत्रक ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये लावलं की वर्तुळाची भानगडच नको. शाळेत किंवा कार्यालयात वायफाय असेल, तर ‘या वायफायला जोडला की सायलेंट’ असा नियम जास्त नेमका चालतो. जागेचा नियम लांबच्या ठिकाणांसाठी ठेवा : बीडचं कोर्ट, दवाखाना, नाट्यगृह.

एक खबरदारी मात्र घ्या. बीड जिल्ह्यातली हजारो घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं. त्यांचा किंवा कारखान्यावरून येणारा फोन चुकून चालणार नाही. असे नंबर ‘स्टार’ करून ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये त्यांना सवलत द्या. ‘पुन्हा फोन करणाऱ्यांना परवानगी’ हाही पर्याय चालू ठेवा : अँड्रॉइडवर १५ मिनिटांत आणि आयफोनवर ३ मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा फोन आला, तर तो वाजतो. घरच्यांना एवढंच सांगून ठेवा, ‘अडचण असेल तर लागोपाठ दोनदा लावा.’

पुढच्या भागात : बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन असे नियम परस्पर का बंद करतो?