फिरतंय, पण पेटत नाही

“भाऊ, सेल्फ मारून राहिलो, पण गाडी सुरूच होऊन नाही राहिली.” नागपुरातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये ही तक्रार रोजची. सांगणाऱ्याला वाटतं, आपण फक्त अडचण सांगितली. ऐकणाऱ्या मिस्त्रीला मात्र तेवढ्यावरून बरंच कळतं. सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरीत जीव आहे, स्टार्टर मोटर आणि तिच्या जाड केबल काम करताहेत, इंजिन जाम झालेलं नाही. गाडी पाहण्याआधीच संशयाची मोठी यादी लहान झाली. उरलेल्या यादीतून नेमका दोष शोधणं ही मोटर मेकॅनिकच्या कामातली सर्वांत कमी दिसणारी आणि सर्वांत कमी मोल मिळणारी विद्या आहे.

एकेकाळी गाडीचं इंजिन पुढून हँडल मारून फिरवावं लागे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवरचा स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत आला आणि हे कष्ट संपले. पण फिरवणं सोपं झालं तरी पेटण्याचं काम इंजिनाचं इंजिनालाच करावं लागतं. सेल्फ त्याला मिनिटाला दोनेकशे फेरे देतो. तेवढ्यात हवा, इंधन, दाब आणि ठिणगी या चारही गोष्टी योग्य क्षणी एकत्र आल्या, तरच पहिला स्फोट होतो. डिझेलमध्ये ठिणगी नसते. तिथे दाबलेली हवाच पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि फवारलेलं डिझेल पेटवते. दोष शोधायचा म्हणजे या चारांपैकी कोण गैरहजर आहे, ते ठरवायचं.

जाणता मिस्त्री पाना हातात घेण्याआधी प्रश्न विचारतो. रात्री नीट लावलेली गाडी सकाळी सुरू होईना, की चालता चालता बंद पडली? एका झटक्यात बंद पडली, की आचके देत? पेट्रोल कधी भरलं? एवढ्यात बॅटरी बदलली का, अलार्म बसवला का, इंजिन धुतलं का? झटक्यात बंद पडलेल्या गाडीत आधी विजेकडे पाहायचं: फ्यूज, रिले, सेन्सर. आचके देत थांबलेल्या गाडीत आधी इंधनाकडे. आणि कालच कुणी वायरिंगला हात लावला असेल, तर सगळ्यात आधी तिथेच.

मग काम कानांचं. चावी ‘ऑन’वर नेली, सेल्फ मारला नाही, तर इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत टाकीतल्या पंपाची दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते. ती नसेल तर पंप, त्याचा रिले आणि फ्यूज ही तीन ठिकाणं तपासायची. डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत राहिला, तर इमोबिलायझरने चावी ओळखलेली नाही. अशा अनेक गाड्यांत सेल्फ फिरत राहतो, पण इंजिनाला पेटू दिलं जात नाही. सेल्फच्या आवाजातही माहिती असते. निरोगी इंजिन ठेक्यात फिरतं, कारण प्रत्येक सिलिंडर हवा दाबताना थोडा अडवतो. टायमिंग बेल्ट तुटला की तो ठेका जातो आणि इंजिन भलतंच मोकळं, भरभर फिरतं. हा आवाज आला की तिथेच थांबायचं, कारण बऱ्याच इंजिनांत पुढे पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. उलट सेल्फ रेंगाळत फिरत असेल, तर बॅटरीला निर्दोष ठरवायची घाई नको. विसावलेल्या बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्ट दाखवेल, पण सेल्फ मारताना तोच आकडा दहाच्या बराच खाली गेला, तर इंजिन फिरतं आणि त्याचा कॉम्प्युटर मात्र झोपतो.

यानंतर हत्यारं. एक प्लग काढून पाहिला तरी वाट दुभंगते. प्लग कोरडा असेल तर इंधन पोहोचलेलं नाही. पेट्रोलने चिंब असेल तर इंधन येतंय, पेटत नाही. चिंब प्लगवर ठिणगी तपासायची. ती जोरकस असेल तर इंजिन नुसतं ‘ओव्हर’ झालेलं असू शकतं, म्हणजे पेट्रोल जास्त झालेलं. मग अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की बहुतेक इंजेक्शन गाड्या इंधन थांबवतात आणि सिलिंडर सुकतात. कोरड्या प्लगच्या गाडीला प्रेशर गेज लावायचा. अनेक पेट्रोल गाड्यांत तो तीन बारच्या आसपास दाखवतो. इंधन आणि ठिणगी दोन्ही ठीक निघाली, तरच कॉम्प्रेशन मोजायला घ्यायचं. सोपी तपासणी आधी, खोलाखोली नंतर.

नागपूरचं हवामान या विद्येला स्वतःचे धडे देतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत भर दुपारी पेट्रोलची नळीतच वाफ होई, पंप वाफ ढकलत बसे आणि गाडी सुरू होत नसे. पंपावर ओलं फडकं टाकून थांबणं हा त्यावरचा उपाय होता. आजच्या गाड्यांत पेट्रोल दाबाखाली असल्यामुळे हे क्वचितच घडतं. पण उन्हाळ्याने दुसरा संशयित पुढे आणला: क्रँक सेन्सर. इंजिन कुठल्या क्षणी कुठे आहे, हे तो कॉम्प्युटरला सांगतो. तो गप्प झाला तर ठिणगीही नाही आणि इंधनही नाही. त्याच्या आतली बारीक तार तापल्यावर तुटते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. म्हणून गाडी सिग्नलवर बंद पडते, अर्ध्या तासाने मुकाट सुरू होते आणि गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा ठणठणीत असते. अशा वेळी सेल्फ मारताना आरपीएमचा काटा पाहायचा. अनेक गाड्यांत तो शून्यावरच पडून राहिला, तर संशय सेन्सरवर जातो.

पावसाळ्याचा सर्वांत कठोर धडा शहराला २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मिळाला. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीसारख्या भागांत गाड्या बुडाल्या, मोरभवन बसस्थानकात एसटीच्या बस पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर माणसाचा हात आपोआप चावीकडे जातो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो आणि सफाईत भागणारं काम इंजिन उतरवण्यावर जातं. साध्या विमा पॉलिसीत असं नुकसान बहुधा धरलं जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळी घ्यावी लागते. बुडालेल्या गाडीचा क्रम वेगळा: बॅटरी सोडवायची, एअर फिल्टर ओला आहे का पाहायचं, ऑइलच्या काडीवर दुधाळ रंग आहे का पाहायचं, प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, आणि टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यायचं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी वाढलं की इथेनॉल पाण्यासोबत वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो.

डिझेलचं शास्त्र या शहराला महामार्गांनी शिकवलं. काश्मीर-कन्याकुमारी जोडणारा ४४ क्रमांकाचा आणि सुरतहून पारादीपला जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. शहरालगतच्या वाडी इथल्या गोदामांकडे देशभरचे ट्रक येतात. टाकी कोरडी होईपर्यंत चालवलेला डिझेल ट्रक नुसतं डिझेल ओतून सुरू होत नाही. नळीत हवा शिरलेली असते, त्याला ‘एअर धरली’ म्हणतात. जुन्या इंजिनांत हातपंप मारत, स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत ती हवा काढायची. कॉमन रेल इंजिनात पुरेसा दाब तयार झाल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाहीत. तो शेकड्यांत बार लागतो, म्हणून एखादी छोटी गळतीही गाडी अडवून धरते. एसटीच्या राज्यातल्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक इथल्या हिंगण्याला आहे, बाकीच्या दापोडी आणि चिकलठाण्याला. तिथेही मिस्त्रींच्या पिढ्या घडल्या.

आता अनेक गॅरेजांत स्कॅनर आहे. गाडीला जोडला की तो पी-०३३५ असा कोड दाखवतो आणि मालकाला वाटतं, निदान झालं. पण हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो. सेन्सर जळाला, की त्याची वायर उंदराने कुरतडली, की कनेक्टरमध्ये गंज चढला, हे मीटर लावून माणसालाच पाहावं लागतं. कोड वाचून सरळ सेन्सर बदलणारा कधी बरोबर ठरतो आणि कधी तुटक्या वायरीवर नवा सेन्सर बसवतो.

श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयसारख्या संस्थांत मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली शिकणाऱ्याला त्याहून जास्त वर्षं लागतात. दोघांनाही पुढे एकच अडचण गाठते. ग्राहक पार्टचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. दोन तास तपासून मिस्त्रीने एक गंजलेली अर्थिंग घासली आणि गाडी सुरू झाली, तर “एवढ्याशा कामाचे इतके?” असं आपण विचारतो. त्याच मिस्त्रीने पंप, कॉइल आणि सेन्सर बदलून चौपट बिल लावलं, तर जुने पार्ट पिशवीत घेऊन समाधानाने घरी येतो. म्हणजे अंदाजाने पार्ट बदलण्याची सवय गॅरेजवाल्याला आपणच लावतो.

ती मोडणंही आपल्याच हातात आहे. गाडी सुरू होत नसेल तर दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट थांबावं आणि बॅटरी संपवून मिस्त्रीकडे जाऊ नये, कारण त्यालाही तपासायला वीज लागते. काय घडलं ते क्रमाने सांगावं, स्वतःचा अंदाज त्यात मिसळू नये. पार्ट बदलण्याआधी “हाच खराब आहे हे कशावरून?” असं सरळ विचारावं. मीटरचा आकडा, गेजचा काटा किंवा ओला प्लग दाखवून उत्तर देणारा मिस्त्री मिळाला, तर त्याच्या तपासणीच्या वेळेचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. त्याने न बदललेल्या तीन पार्टांपुढे ती रक्कम कमीच असते.